केसपेपरवरची ती एक ओळ

पत्र

वकीलताई, नमस्कार. पाच आठवड्यांपूर्वी संध्याकाळी कामावरून येताना माझ्या मिस्टरांच्या मोटारसायकलला कारनं उडवलं. कराडच्या अलीकडं महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, पेट्रोल पंपासमोर. कार उलट्या बाजूनं आली होती. उजवी मांडी मोडली, रॉड टाकलाय, गुडघ्याची वाटीही फुटली. कार माझ्या नणंदेच्या चुलत दिराची आणि चालवत होता त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा. त्यांनीच दवाखान्यात पोचवलं, पण तिथं सांगितलं की गाडी स्लिप होऊन पडले, नाहीतर पोलीस केस होते, उपचाराला उशीर होतो. मी घाबरलेली, गप्प बसले. बिल दोन लाख पस्तीस हजार झालं. माझे दागिने गहाण आहेत. आता ते म्हणतात दीड लाख देतो, घरातलं घरात मिटवू, पाचशेच्या स्टँपवर लिहून द्या की तक्रार नाही. मोटारसायकलही दुरुस्त करून देणार आहेत. नणंद म्हणते, पोरगं आत गेलं तर तुझ्यामुळं. मिस्टर अडतीस वर्षांचे, वायरमन आहेत, महिन्याला अठरा हजारांच्या आसपास मिळतात, पगाराची चिठ्ठी नाही. हेल्मेट नव्हतं आणि लायसनही संपलेलं. दवाखान्यात एक माणूस आला होता, क्लेम मिळवून देतो म्हणाला, तीस टक्के घेणार आणि तीन कागदांवर मिस्टरांच्या सह्या घेऊन गेला. त्यातले दोन कोरे होते. काय करू?

— एक भगिनी, कराड तालुका

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात दीड लाखाचा प्रश्न आहे, टक्केवारीवाल्याचा आहे, नणंदेचा आहे. पण मला सगळ्यात जास्त घोर लागला तो 'गाडी स्लिप होऊन पडले' या वाक्याचा. तुमचं प्रकरण बिघडलंच तर त्या एका ओळीमुळं बिघडेल, आणि ती ओळ रोज थोडी थोडी घट्ट होत चालली आहे. म्हणून आधी ते.

दवाखान्यात दाखल करताना डॉक्टर 'काय झालं' हे विचारून केसपेपरवर लिहितात. दावा उभा राहिला की विमा कंपनीचा वकील सर्वांत आधी तोच कागद मागवतो. त्यावर 'वाहनावरून घसरून पडला' असं असलं की तो उभा राहून म्हणतो, अपघातात दुसरी गाडी नव्हतीच, ही नंतर घातली. आणि त्याला अगदीच दोष देता येत नाही, कारण असले प्रकार होतात. स्वतः पडलेल्या माणसासाठी ओळखीतली, विमा असलेली गाडी 'लावायची' आणि क्लेम टाकायचा, हा धंदा आमच्या कोर्टांनी पुष्कळ पाहिला आहे. आता तुमच्या बाबतीत बघा: केसपेपरवर घसरून पडले, गुन्हा दाखल नाही, आणि गाडी नात्यातली. खरं असूनही तुमचं प्रकरण बनावट दिसायला लागेल. नातं आहे म्हणून सबुरीनं घ्या असं लोक तुम्हाला सांगत असतील. मी उलटं सांगते. नातं आहे म्हणूनच घाई करा.

उद्या सकाळी, ज्यांच्या हद्दीत अपघात झाला त्या पोलीस ठाण्यात जा. मिस्टरांना उठवत नाही तर तुम्ही फिर्याद द्या, त्यांचा जबाब घ्यायला हवालदार घरी येतील. फिर्यादीत जसं घडलं तसं लिहा. कार उलट्या बाजूनं आली, कोण चालवत होतं, दवाखान्यात कुणी नेलं, 'स्लिप' असं कुणी सांगितलं आणि तुम्ही का गप्प राहिलात, हेही. आपली ती चूक लपवू नका. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की सगळंच खोटं वाटतं, आपण होऊन सांगितलेली गोष्ट मात्र खुलासा ठरते. फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून अपघाताचा दावा बुडत नाही, माणूस आधी जखमी जिवाकडं बघतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. मात्र उशिराचं कारण कागदावर हवं. ठाणे अंमलदार 'आता कशाला, मिटवा की' म्हणाले तर वाद घालू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं.

त्याच दिवशी पेट्रोल पंपावर जा. कॅमेरा रस्त्याकडं असेल तर पाच आठवड्यांत ते चित्रण बहुधा पुसलं गेलं असेल, तरी विचारा, आणि पोलिसांनाही मागवायला सांगा. चित्रण नसेल तर पंपावरची पोरं असतातच. कुणीतरी मिस्टरांना उचललं असेल, पाणी दिलं असेल. असा एक परका साक्षीदार दहा नातेवाइकांना भारी पडतो. दवाखान्यातून भरतीच्या पूर्ण कागदांच्या शिक्का मारलेल्या प्रती मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. लेखी मागणी केली की ७२ तासांत प्रती द्याव्यात असा डॉक्टरांसाठी नियमच आहे. आणि तुमच्याकडं एक पुरावा आहे ज्याची तुम्हाला कल्पना नाही: समोरच्यांचे फोनवरचे निरोप. 'दीड लाख देतो, मिटवू' असं व्हॉट्सॲपवर आलं असेल, आवाजी निरोप असतील, तर ते कार तिथं होती याची त्यांनीच दिलेली कबुली आहे. काहीही डिलीट करू नका. तो फोन सध्या मुलांच्या हातीही देऊ नका.

आता दीड लाख. रक्कम कमी म्हणून तो कागद नाकारा असं मी म्हणत नाही. कमी-जास्त ठरवायची वेळच अजून आलेली नाही. पाय किती वाकेल, लंगड राहील का, शिडीवर चढता येईल का, हे आज डॉक्टरही छातीठोक सांगू शकणार नाहीत. अपंगत्वाचा दाखला उपचार संपून प्रकृती स्थिरावल्यावर मिळतो, त्याला काही महिने जातात. ज्याचं माप अजून घेतलेलं नाही त्याचा सौदा करायचा कसा?

तरी अंदाज हवाच, म्हणून कोर्टात हिशेब कसा चालतो ते दाखवते. महिना अठरा हजार म्हणजे वर्षाला २,१६,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढं वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के जास्त धरतात: ३,०२,४००. हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घालून दिलं. मृत्यूच्याच नाही, कायम अपंगत्वाच्या दाव्यातही ते लागतं हे २०२० मध्ये स्पष्ट झालं. समजा कमाईची ताकद ३० टक्क्यांनी घटली असं न्यायाधीशांना पटलं, तर वर्षाचं नुकसान ९०,७२०. ३६ ते ४० वयाला गुणक १५, हा तक्ता सरला वर्मा खटल्यातला, २००९ चा. गुणाकार होतो १३,६०,८००. हे झालं फक्त पुढच्या कमाईचं. दवाखान्याचं बिल, औषधं, जा-ये, खास आहार, घरी बसल्याचे महिने, सोबत राहणाऱ्या माणसाची मजुरी (तुम्ही करताय ती सेवाही त्यात येते), सोसलेल्या वेदना आणि पुढं रॉड काढायचं ऑपरेशन हे वेगळं. त्यावर साधारणपणे अर्ज केल्या तारखेपासून व्याज. तुम्हाला एवढे मिळतीलच असं मी म्हणत नाही. ३० टक्के हा आकडा मी धरलाय, दाखला काय येतो त्यावर सगळं.

या टक्क्यांत एक गोम आहे आणि ती वायरमनच्या बाबतीत फार महत्त्वाची. डॉक्टर पायाचं अपंगत्व लिहितात, कोर्टाला बघायचं असतं कामाचं. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याचा गुडघा पुरता वाकला नाही तर त्याचा धंदा चालू राहतो. वायरमनला खांबावर, शिडीवर, माळ्यावर चढावं लागतं. दाखल्यावर २५ टक्के असले तरी कमाईचं नुकसान त्याहून जास्त धरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात नीट समजावलंय. तेव्हा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांकडून घ्या आणि ते डॉक्टर साक्षीला येतील असं बघा. साक्षीत त्यांना 'हा माणूस शिडी चढू शकेल का' एवढा एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. बरेच वकील तो विचारायचा विसरतात.

पगाराची चिठ्ठी नाही याचं फार मनावर घेऊ नका. ज्या इलेक्ट्रिकल दुकानातून ते सामान नेतात तिथली बिलं, ज्या कंत्राटदाराकडं कामं केली त्याची साक्ष, यूपीआयनं आलेले पैसे दाखवणारा बँकेचा उतारा, वायरमनचा परवाना असेल तर तो. यातलं काहीच जमलं नाही तर कोर्ट किमान वेतनाकडं बघून अंदाज बांधतं. पण आकडा फुगवू नका. 'महिना चाळीस हजार' म्हणणारा आणि पासबुकात पाच हजार असणारा माणूस उभा राहिला की न्यायाधीश त्याच्या बाकीच्या बोलण्याकडंही संशयानं बघतात.

हेल्मेट नव्हतं म्हणून दावा जात नाही. मार मांडीला आणि गुडघ्याला आहे, हेल्मेट असतं तरी तो बसलाच असता. नियम मोडला म्हणजे अपघाताला हातभार लागलाच असं होत नाही, त्या मोडण्याचा आणि धडकेचा संबंध दाखवावा लागतो. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हेच म्हटलंय. संपलेल्या लायसनचंही तेच. त्यापायी दंड होऊ शकतो, तो भरा. कार उलट्या बाजूनं आली ती काही लायसन संपलं म्हणून आली नाही.

आता पोराचं. नणंदेला हे वाचून दाखवलंत तरी चालेल. भरधाव, निष्काळजीपणे गाडी चालवल्याचं कलम २८१ आणि गंभीर दुखापतीचं कलम १२५(ब), भारतीय न्याय संहितेची ही दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत. जामीन पोलीस ठाण्यातच होतो. पुढं दोष सिद्ध झालाच तर १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे मी लपवत नाही. पण गुन्हा दाखल झाला की पोरगं दुसऱ्या दिवशी कळंब्याच्या जेलात, असं जे चित्र घरात रंगवलंय ते खरं नाही. भरपाई तर त्यांना घर विकून द्यायची नाहीच. कारचा विमा अपघाताच्या दिवशी चालू असेल आणि पोराकडं लायसन असेल तर पैसे कंपनी देणार. त्यासाठीच तर दरवर्षी थर्ड पार्टीचा हप्ता सक्तीनं घेतात. विमा होता की नाही हे गाडीच्या नंबरवरून एमपरिवाहन ॲपवर दिसतं, आजच बघा. पोराकडं लायसन नसलं तरी बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला सांगतं की जखमीला आधी दे आणि मालकाकडून मग वसूल कर. विमाच नसेल तर मात्र सगळा बोजा मालकावर येतो, आणि मग त्यांची मिटवायची घाई का आहे तेही उमगेल.

आणखी एक गोष्ट त्यांनाच कळायला हवी. मोटारीच्या विम्यात अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय मालकानं कबुली द्यायची नाही, पैसे कबूल करायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. अपघाताची खबर कंपनीला ताबडतोब द्यायची असते. म्हणजे पाचशेच्या स्टँपवरचा तो कागद तुमच्याइतकाच त्यांनाही अडचणीत आणतो. 'नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल' ही भीती असेल तर तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला तर जातो, जखमीच्या दाव्यानं नाही. असल्या स्टँपपेपरला दावा ऐकणारं न्यायाधिकरण डोळे झाकून मान देत नाही हे खरं, पण कंपनीच्या वकिलाला आयता दारूगोळा कशाला पुरवायचा? त्यांना खरंच मदत करायची असेल तर दवाखान्याचं देणं त्यांनी थेट बँकेतून भरावं, काही लिहून न घेता. घेतलेली रक्कम दाव्यात मोकळेपणानं सांगता येते.

दावा मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करायचा. अपघात जिथं झाला तिथं किंवा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात, तुमच्या सोयीनं. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये आलाही आहे. तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका. पाच आठवडे गेले, अजून साडेचार महिने हातात आहेत. अपंगत्वाचा दाखला नंतर दाखल करता येतो, त्यासाठी दावा अडवून धरायचं कारण नाही. गुन्हा नोंदला की पोलिसांनीही ४८ तासांत पहिला अहवाल आणि तीन महिन्यांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडं द्यायचा असतो. प्रत्यक्षात तपासी अंमलदाराच्या मागं लागावं लागतं, लाजू नका.

मध्येच कुणी सांगेल की त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मिळतात, हाड मोडणं ही गंभीर दुखापतच. पण विमा कंपनीकडून ते स्वीकारले की १६६ चा मोठा दावा संपतो. दागिने सोडवायची घाई आहे म्हणून त्या कागदावर सही करू नका. वकिलाशी बोलल्याशिवाय तर नाहीच. लोकअदालतीचंही असंच. तिथं प्रकरण लवकर सुटतं, कित्येकदा चांगलंही सुटतं, मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. दाखला हातात यायच्या आधी लोकअदालतीत बसू नका.

राहिला तो तीस टक्केवाला. असे लोक कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर सापडतात, वॉर्डबॉयच्या आधी त्यांना पेशंट कळतो. वकिलानं निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे, आणि हा तर वकीलही नसेल. तेरा लाखांचे तीस टक्के म्हणजे जवळजवळ चार लाख, मिस्टरांच्या पायातून काढलेले. त्याला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा: अमुक तारखेला तीन कागदांवर सह्या घेतल्या, दोन कोरे होते, ते परत करावेत, आमच्या वतीनं काहीही दाखल करण्याचा अधिकार दिलेला नाही. पत्ता माहीत नसेल तर हीच माहिती पोलीस ठाण्यात अर्जानं द्या. मग ई-कोर्ट्स ॲपवर मिस्टरांच्या नावानं शोधा, दावा आधीच टाकलेला तर नाही ना. टाकला असेल तर दुसरा टाकू नका, त्यातच वकील बदलून घ्या.

वकील परवडत नाही म्हणून त्याच्या नादी लागायची गरज नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला वकील मोफत मिळतो, तुमच्या मिस्टरांचं त्यात बसतं. १५१०० वर फोन केलात तरी वाट दाखवतील. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ वकील असं समजू नका. मी स्वतः त्या यादीवर काही वर्षं काम केलंय, आणि तिथल्या पक्षकारांइतकी नीट ठेवलेली कागदं मी पैसेवाल्यांकडं क्वचित बघितली. तेव्हा तुम्हीही एक प्लॅस्टिकची पिशवी करा. औषधाचं दहा रुपयांचं बिल असलं तरी त्यात. रिक्षावाल्याकडून चिठ्ठी घ्या. निकालानंतरची रक्कम मिस्टरांच्याच खात्यावर आली पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या मार्फत नाही, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. काही भाग मुदत ठेवीत ठेवायचा हुकूम कोर्ट करतं. गहाण सोडवायला किती मोकळे हवेत ते तेव्हाच मागा.

नणंदेशी काय बोलायचं हे मी सांगू शकत नाही, ते घर तुमचं आहे. एवढंच सुचवते, पोलीस ठाण्यात जायच्या आधी तिला एक फोन करा, मागून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. 'पोराविरुद्ध जात नाही, विमा कंपनीकडं जातेय, आणि दवाखान्यात जे खोटं लिहिलं गेलं ते दुरुस्त करतेय' असं सरळ सांगा. परवानगी मागू नका.

आणि ती मोटारसायकल गॅरेजला गेली नसेल तर जाऊ देऊ नका. वाकलेलं हँडल, कारचा लागलेला रंग, चेपलेली टाकी, पोलिसांना आणि आरटीओच्या तपासणीसाला हे जसंच्या तसं दिसायला हवं. आज रात्रीच चारी बाजूंनी फोटो काढा, आणि पंचनामा होईपर्यंत तिला गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली राहू दे.